परक्या आवारातला बाजार

दर्यापूर-बनोसा भागातील एखाद्या बचत गटाने पापड, कुरडया, सरगुंडे यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर टाकावीत आणि पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या गावच्या माणसांकडून मागणी यावी, यात आता कुणाला नवल वाटत नाही. शिवणकाम करणारी, रोपे विकणारा, तूरडाळ घरीच भरडून विकणारे कास्तकार कुटुंब, साऱ्यांनीच हे साधन जवळ केले आहे. खारपाणपट्ट्यातला हा मुलूख. विहिरीचे पाणी खारे, ओलीत बेताचे, आणि कापूस-तूर-हरभऱ्याच्या भरवशावर वर्ष काढायचे. अशा ठिकाणी घरबसल्या चार पैसे मिळवून देणारे साधन तुच्छ लेखण्याचा अधिकार पुरोगामी म्हणवणाऱ्यांना नाही. ‘हा सारा भांडवलदारांचा खेळ’ असे म्हणून हात झटकणे सोपे असते. परंतु जिला दुकानदार देईल त्या भावात माल टाकावा लागत होता, तिला आज गिऱ्हाईक थेट भेटू शकते. ही गोष्ट खरी आहे आणि इष्टही आहे.

प्रश्न निराळाच आहे. हा बाजार कुणाच्या आवारात भरतो, आणि तिथला तराजू कोण तपासतो?

वऱ्हाडाने हा प्रश्न फार पूर्वी विचारला होता. देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा येथे सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. दलालाला आणि मापाड्याला परवाना आवश्यक ठरला, वजनमापांची तपासणी सुरू झाली, कारभार पाहण्यास समिती आली. हा कायदा कास्तकाराच्या कळवळ्यातून जन्मला नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी दराने मिळावा, हा त्यामागचा मतलब होता, आणि समित्यांवर वर्चस्वही व्यापाऱ्यांचेच राहिले. तरीही एक तत्त्व त्यातून रुजले. बाजार ही कुणा एका शेठजीची खाजगी ओसरी नव्हे. तिथे येणाऱ्या दुबळ्या विक्रेत्यालाही काही हक्क असतात. १९२८ साली शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजारांची शिफारस केली, तेव्हा वऱ्हाडचा अनुभव त्याच्यासमोर होता.

आजच्या नव्या बाजाराला असे एकही बंधन नाही. फेसबुकने २०१२ साली इन्स्टाग्राम आणि २०१४ साली व्हॉट्सॲप विकत घेतले. दुकाने तीन दिसतात, मालक एक. २०१८ च्या जानेवारीत या मालकाने दोन गोष्टी केल्या. छोट्या व्यावसायिकांसाठी व्हॉट्सॲपची वेगळी, मोफत आवृत्ती आणली. आणि त्याच महिन्यात, यापुढे फेसबुकवर मित्र-नातलगांच्या मजकुराला अग्रक्रम राहील व व्यवसायांचा मजकूर कमी दिसेल, असे जाहीर केले. ज्याने वर्षानुवर्षे खपून दोन हजार माणसे आपल्या पानाशी जोडली, त्याला त्यांच्याचपर्यंत पोचण्यासाठी आता पैसे मोजणे आले. बाजाराच्या भाषेत याला अडत म्हणतात. फरक एवढाच, की या अडतीचा दर कुठल्याही फलकावर लिहिलेला नाही. जाहिरातीची जागा लिलावाने जाते. बाजार समितीच्या आवारातील हर्रास चारचौघांसमोर होते, बोली कानांवर पडते. हा लिलाव यंत्राच्या पोटात होतो, आणि त्यात बचत गटाच्या शंभर रुपयांची बोली बड्या कंपन्यांच्या बोलीशी भिडते.

दूरच्या मालकाचा अनुभव दर्यापूरला आहे. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची शकुंतला स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीच्याच मालकीची राहिली. पण निदान तिचे भाडे आणि वेळापत्रक स्टेशनावर लावलेले असे!

या बाजाराचे दार कधी बंद होईल, याचाही नेम नसतो. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि त्यावर नाव कमावलेल्या असंख्य लहान माणसांची पुंजी एका रात्रीत गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी कंपनीच्याच तांत्रिक चुकीने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास ठप्प झाले. पुढच्याच महिन्यात अमरावती शहरात दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि इंटरनेट कित्येक दिवस बंद ठेवण्यात आले. दंगलीत दुकान न जळताही धंदा बसू शकतो, हे तेव्हा दिसले.

कायदा काय करतो आहे? व्हॉट्सॲपने २०२१ साली ग्राहकांवर लादलेल्या अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. कंपनी अपिलात गेली. त्या वर्षीचे तिचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते. त्या मानाने हा दंड म्हणजे दीड तासाचा गल्लाही नव्हे. युरोपीय संघाने २०२२ साली अशा द्वारपाल कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि उद्योगविश्वातून विरोध होताच तो रेंगाळला. १८९७ साली परक्या सरकारला स्वार्थासाठी का होईना जे सुचले, ते स्वकीय सरकारला अजून का जमू नये? जाहिरातीच्या दराची पारदर्शकता, खाते बंद करण्यापूर्वी नोटीस आणि आपल्या ग्राहकांची यादी सोबत नेण्याचा हक्क, एवढ्या तीन मागण्या तरी पक्षाने लावून धरल्या पाहिजेत.

दिल्लीत कायदा होईपर्यंत तालुक्याच्या कार्यकर्त्याने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते वहीत लिहून ठेवण्याची सवय प्रत्येक गटाला लावली पाहिजे. ती वही कुणी कंपनी बंद करू शकत नाही. व्हॉट्सॲपच्या प्रक्षेपण यादीत एका वेळी २५६ माणसे मावतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक जपून ठेवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून ओळखीचे गिऱ्हाईक टिकवणे हे अनोळखी हजारांच्या मागे धावण्यापेक्षा अधिक फलदायी. शिवाय दहा गटांनी दहा ठिकाणी जाहिरातीवर पैसे उधळून एकमेकांचेच भाव पाडण्याऐवजी एक नाव, एक दर्जा आणि एक हिशेब ठेवावा. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा प्रारंभ केला, तेव्हा त्यांच्यापाशी दूरध्वनीही नव्हता, पण मालकी सर्वांची होती.

आणि एखाद्याचे खाते अकारण बंद झाले, तर ‘नशीब’ म्हणून सोडून देऊ नये. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागता येते. त्याचा निर्णय मान्य नसल्यास, तो मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्राने २०२३ साली नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे विनाशुल्क अपील करता येते. हे अर्ज संगणकावर भरावे लागतात. सात-बारा आणि पीकविम्याचे अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांनी हेही काम शिकून घ्यावे.