सोयीचा मुसलमान आणि शांतता समिती

गणेशोत्सव आणि ईद-ए-मिलाद जवळ आले की पुण्यात शांतता समितीच्या बैठका भरतात. काही बैठकांना मीही गेलो आहे. मुसलमानांतर्फे बहुधा तीच चार माणसे असतात. "साहेब, आमचे पूर्ण सहकार्य आहे" एवढे बोलून होते, चहा होतो, फोटो निघतो. ज्या पक्षांमागे मोहल्ल्यातले तरुण जातात, त्यांना मात्र 'वातावरण बिघडवणारे' म्हणून टाळले जाते. तणाव वाढल्यावर या चौघांचे कोण ऐकणार?

याच शहरातला १९३२ चा पुणे करार आठवा. अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांचा वाद होता. एम. सी. राजा यांनी डॉ. मुंजे यांच्याशी संयुक्त मतदारसंघांचा करार आधीच केला होता. म्हणजे सोयीचा प्रतिनिधी हाताशी होता. तरीही गांधीजींचे उपोषण सुरू झाल्यावर सर्वांना डॉ. आंबेडकरांकडेच जावे लागले, कारण खरा विरोध त्यांचा होता. २४ सप्टेंबरला करार झाला आणि प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या.

पण नुसती खुर्ची दिली म्हणजे न्याय झाला असे नाही. येरवडा तुरुंगात गांधीजींचे प्राण पणाला लागले असताना बाबासाहेबांना मोकळेपणी 'नाही' म्हणता येत नव्हते. पुढे त्यांनीच या करारावर कडक टीका केली.

उत्तर आयर्लंडमध्ये १९७३ चा समझोता जहाल पक्षांना वगळून झाला आणि काही महिन्यांतच कोसळला. १९९७ मध्ये शस्त्रसंधीनंतर सिन फेनला चर्चेत घेतले, तेव्हा १९९८ चा करार झाला.

"अशांना बोलावले तर त्यांना प्रतिष्ठा मिळते," असे अधिकारी म्हणतात. ती प्रतिष्ठा त्यांना मतदारांनी आधीच दिली आहे. अट एकच असावी: हिंसा करणार नाही, चिथावणी देणार नाही. ती सर्वांना सारखी लागू हवी.

आपल्या समाजालाही हे पचवावे लागेल. आपल्या पक्षाला जागा मागायची आणि हिंदुत्ववादी पक्ष आले की उठून जायचे, असे चालणार नाही. ज्यांच्याशी तंटा आहे, त्यांच्याशीच बोलायचे असते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रभागात निवडणूक लढवणाऱ्या प्रत्येक पक्षाला लेखी निमंत्रण द्या, बोलायला सारखा वेळ द्या, आणि कोणी काय कबूल केले याचे इतिवृत्त लोकांसमोर ठेवा.