पार्सलवर ‘खाऊ’, आत बोरमाळ



आपल्यातल्या बायका खोटं बोलत नाहीत, अशी आपली आपल्याबद्दल समजूत आहे. कुरिअरच्या काउंटरवर दहा मिनिटं उभं राहिलं की ती उतरते. ‘आत काय आहे?’ असं तो मुलगा विचारतो आणि समोरची बाई पापणीही न हलवता म्हणते, ‘खाऊ.’ किंवा ‘जुने कपडे.’ किंवा ‘पुस्तकं.’ तो तसं लिहितो, ती खाली सही करते, घरी येऊन हात धुते आणि सामायिकाला बसते. आत असतं चांदीचं ताट, बाळंतविड्याचे वाळे, नाहीतर आईची बोरमाळ.

याला आपण ‘थोडी हुशारी’ म्हणतो. आचार्यांनी याला वेगळा शब्द दिला आहे. दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय असतो, त्यात अणुव्रतांचे अतिचार येतात. सत्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं, खोटा कागद बनवणं. पुढच्याच अचौर्याच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याचा नियम डावलून व्यवहार करणं. कुरिअरच्या पावतीवर ‘खाऊ’ लिहून खाली सही करणं हे एका झटक्यात या दोन्हींत बसतं. आपण हात जोडून ऐकतो, ‘तस्स मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतो आणि पर्व संपल्यावर मुलीला दिवाळीचं पार्सल पाठवताना पुन्हा ‘खाऊ’ लिहितो.

बरं, धर्म क्षणभर बाजूला ठेवू. मी बी.कॉम. झालेली बाई आहे, मला हिशोबही कळतो. या खोट्याने पैसे तरी वाचतात का?

आमच्या नात्यातल्या एका बाईंनी लेकीच्या डोहाळजेवणासाठी सांगलीहून आपल्या आईची बोरमाळ पाठवली. बेसनाच्या लाडवांच्या डब्यात, तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत. पावतीवर ‘खाऊ, किंमत पाचशे रुपये’. पार्सल पोचलं. लाडू सगळे पोचले. खोक्याची खालची बाजू कापून पुन्हा चिकटवलेली होती आणि बोरमाळ नव्हती. कुरिअरवाल्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं, ‘लाडू कमी आहेत का?’ पोलिसांत जायचं तर कागद काय म्हणतो? कागद म्हणतो, खाऊ. चोराने दागिना नेला, पण तो दागिना पार्सलात कधी नव्हताच, असा पुरावा त्या बाईंनी स्वतःच्या सहीने करून ठेवला होता. त्या घरात आजही बोरमाळेचं नाव कुणी काढत नाही.

आता आकडे बघा. बहुतेक खाजगी कुरिअर कंपन्यांच्या अटींत सोनं, चांदी, दागिने, रोकड या वस्तू घेतल्याच जात नाहीत. त्या अटी पावतीच्या मागे इतक्या बारीक अक्षरात असतात की वाचायला चष्म्यावर चष्मा लावावा लागेल. पण ‘मी वाचलं नव्हतं’ हे चालत नाही. १९९६ साली भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, पावतीवर सही केली म्हणजे तिच्यावरची भरपाईची मर्यादा तुम्हाला बांधील. त्या पावतीवर मर्यादा होती शंभर डॉलर. नुकसान त्याच्या कितीतरी पट होतं, हातात आले शंभर डॉलर. तिथे ही गत, मग ‘खाऊ’वाल्यांची काय?

सरकारी पोस्टातही आपोआप काही मिळत नाही. १८९८चा जुना पोस्ट कायदा असो की २०२३चा नवा, पोस्टखात्याची जबाबदारी नियमांत जेवढी सांगितली आहे तेवढीच. विमा न उतरवलेलं स्पीड पोस्ट हरवलं, तर वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा आहे की हशिलाच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. शंभर रुपये हशील भरलंत, तर दोनशे रुपये. दोनशे रुपयांत बोरमाळेचा एक मणी येत नाही.

म्हणून विमा पार्सल. खरी वस्तू, खरी किंमत, आकड्यात आणि अक्षरात. किमतीपेक्षा जास्त रकमेचा विमा उतरवता येत नाही. आणि कमी उतरवलात, तर भरपाई त्या कमी रकमेपर्यंतच, हे लक्षात ठेवा. विम्याला वरची मर्यादा असते, ती खिडकीवर आधी विचारा. आजच्या सोन्याच्या भावाला ती चटकन गाठली जाते. दागिना त्याहून मोलाचा असेल तर तो पोस्टाने पाठवायचाच नाही. मग आपल्या सराफाला विचारा. त्यांचा माल ज्या सुरक्षित वाहतुकीने जातो, तिने तुमचं काम होतं का ते बघा. नाहीतर स्वतः जा, लेकीचं तोंडही बघून होईल.

हे मी महिला मंडळात बोलले तेव्हा पहिला आक्षेप आला, ‘अहो काकू, खरं लिहिलं की चोर जागा होतो.’ मी विचारलं, वजनाचं काय करणार? चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड. चपलांच्या खोक्यात किलोभर चांदीचा तांब्या घालून वर ‘साडी’ लिहिता, पण दिवसभर शेकडो खोकी उचलणाऱ्या हाताला ते खोकं उचलताक्षणी कळतं. विमानाने जाणारा माल तपासणी यंत्रातून जातो, तिथे धातू स्पष्ट दिसतो. तेव्हा ‘खाऊ’ लिहून चोर फसत नाही, फसतो तो फक्त भरपाईचा कागद. उलट विमा पार्सल प्रत्येक टप्प्यावर सही घेऊन हातातून हातात जातं. चोरी अशक्य होत नाही, पण ती कुणाच्या हातून झाली हे विचारायला जागा राहते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार होता आणि तो एका व्रती बाईंचा होता. त्या म्हणाल्या, ‘विमा पार्सलाला लाखेचे शिक्के लागतात. लाख म्हणजे जीवहिंसा. मी ती हातात धरणार नाही.’

सभा गप्प झाली, कारण मुद्दा खरा आहे. लाख म्हणजे बारीक किड्यांच्या स्रावाचं कवच, फांदीवरून ते खरवडून काढताना असंख्य जीव जातात. लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, आपल्या शास्त्रांनी श्रावकाला निषिद्ध धंद्यांत धरला आहे. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही अशा खरकर्मांची चर्चा आहे. त्या बाईंच्या भावनेला मी हसणार नाही.

पण मग मी त्यांना विचारलं, ताई, तुम्ही पाठवणार काय आहात? त्या म्हणाल्या, बोरमाळ. मैत्रिणींनो, जुन्या बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि त्या पोकळीत लाख भरलेली असते. म्हणूनच सराफ वजन करताना लाखेची तूट धरतो. गळ्यात तीस वर्षं लाख चालली. लग्नात लाखेच्या बांगड्या चालल्या. घरातल्या शिसवी कपाटाचं पॉलिश लाखेचं, ते चाललं. बरोबर खरं बोलायची वेळ आली तेव्हा तेवढी लाख आडवी आली! एका व्रताच्या आडोशाने दुसरं व्रत मोडायचं, ही सोय कोणत्या आगमात आहे?

मार्ग निघतो, शोधला तर. सील करायच्या कांड्या सगळ्याच लाखेच्या नसतात, राळेच्याही मिळतात. दुकानदाराला विचारून घ्या आणि पोस्टात दाखवून चालतात का ते विचारा. शिक्का मात्र स्वतःचा हवा. नाण्याचा छाप चालत नाही, कारण ते नाणं कुणाच्याही खिशात असतं. माझ्या सासऱ्यांच्या पेढीवर पितळेचा शिक्का होता, स्वस्तिकाखाली त्यांची आद्याक्षरं. पार्सल मांजरपाटात शिवायचे, शिवणीवर थोड्या थोड्या अंतराने शिक्के, म्हणजे टाका उसवला की शिक्का तुटणारच. तेव्हा आतल्या मालाबद्दल खोटं लिहायची कुणाला गरज वाटत नसे. वेष्टनच साक्ष द्यायचं.

आता वेष्टनाकडे येते, कारण इथेही आपला आळस आहे. स्वयंपाकघरात मुंगी मरू नये म्हणून हजार कष्ट घेणाऱ्या आपण, दागिना तांदळात पुरून पाठवतो! ‘दिसत नाही’ म्हणून. डाळ, तांदूळ, पीठ, चिवडा हे भरण म्हणून कधीही घालू नका. वाटेत ओल लागली, चार दिवस उशीर झाला, की त्यात कीड होते. दागिनाही गेला आणि जीवहिंसाही झाली. चातुर्मासात तर अजिबात नको.

प्रत्येक वस्तू वेगळी, जुन्या धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळा. धोतराचा तुकडा उत्तम. चांदीला रबरबँड लावू नका. रबरात गंधक असतं, चांदी तिथे काळी पडते. वर्तमानपत्राची शाईही नको. कापडावरून छोटी प्लास्टिकची पिशवी, पावसाळ्यात तीत औषधाच्या डब्यात येते ती सिलिका जेलची पुडी. मग लहान कडक डबा, आणि तो असा भरा की कानाशी हलवला तर आवाज येता कामा नये. आवाज आला म्हणजे वस्तू आपटणार, आणि आत काय आहे हे बाहेरच्यालाही कळणार. सराफाच्या नावाची मखमली डबी मात्र वापरू नका, ती म्हणजे आमंत्रणपत्रिका.

हा डबा दुसऱ्या मोठ्या, नव्या, जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा. सगळ्या बाजूंनी, खालीसुद्धा, निदान दोन इंच चुरगळलेल्या कागदाचं भरण. किराण्याचं जुनं खोकं नको. त्याचा पुठ्ठा दमलेला असतो आणि त्यावरच्या जुन्या चिकटपट्टीखाली नवा कापलेला भाग सहज लपतो. चिकटपट्टी मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर लावा, वरून आणि खालूनही. बोरमाळ खालूनच गेली होती. आत एक चिठ्ठी ठेवा, दोन्हींकडचे पत्ते आणि फोन, वरचं लेबल फाटलं तर उपयोगी पडते. बंद करण्याआधी वस्तूचे काट्यावर ठेवून फोटो काढा, आकडा दिसेल असा. नव्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असतो, तो वहीत लिहा. बंद पार्सलाचं वजन पावतीवर बघून घ्या. पोचल्यावर घेणाऱ्याने आधी वजन करायचं, मग सही. वजन कमी किंवा शिक्का तुटलेला असेल तर पोस्टातल्या माणसासमोरच उघडायचं.

परदेशी लेकरांसाठी एक वेगळं. घरातली जुनी हस्तलिखित पोथी, देव्हाऱ्यातली पणजोबांच्या वेळची पितळी मूर्ती ‘आठवण म्हणून’ पाठवू नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू आणि महत्त्वाचं हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांचं, खाजगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा आहे. त्यावर ‘शो-पीस’ लिहिलं तर गुन्ह्यावर कूटलेख. आणि प्रतिष्ठित मूर्ती खोक्यात घालायचा विचारही ज्यांच्या मनात येतो, त्यांनी आधी मंदिरात पंडितांना विचारावं.

‘कुणीतरी जाणारं असतंच’ हा आपला लाडका मार्ग. चांगला आहे. पण पुण्याला निघालेल्या भाच्याच्या हातात ‘चिवडा आहे रे’ म्हणून आठ तोळे देणं हे त्या पोरावर अन्याय आहे. तो पिशवी बसच्या वरच्या कप्प्यात टाकून झोपणार. काही झालं की आयुष्यभर त्याच्याकडे संशयाने बघणार तुम्हीच. त्याला खरं सांगा, वजनाची चिठ्ठी दाखवा, तो नको म्हणाला तर रागावू नका.

या सगळ्या लपवालपवीच्या मुळाशी काय आहे, हे आपल्याला माहीत आहे. पावती नवऱ्याच्या हाती लागेल, सुनेला कळेल, जावेला कळेल. स्वतःचं स्त्रीधन लेकीला द्यायचं तर चोरासारखं द्यावं लागतं, म्हणून ‘खाऊ’. किती जणींकडे आपल्या दागिन्यांची स्वतःच्या नावाची यादी आहे? वजनाची, लाखेची तूट वेगळी दाखवलेली, सराफाच्या सहीची? मंडळात बावीस जणी होत्या, हात वर झाले तीन. जी वस्तू कागदावर कुठेच नाही ती हरवली तर तक्रार कशाची करणार, आणि वाटणीच्या वेळी ती तुमची होती हे कोण मानणार? घरात ज्यांना सांगायचं त्यांना सांगून टाका की हे लेकीला दिलं. होईल थोडी कटकट. बोरमाळेपेक्षा स्वस्त पडते.

विमा पार्सलाला लाखेऐवजी राळेचं किंवा दुसरं कुठलं अहिंसक सील कायम चालावं, असा अर्ज पोस्टखात्याकडे करायचं आम्ही ठरवलं आहे. मसुदा मी लिहिला आहे. त्या व्रती ताईंनीच पहिली सही केली. दशलक्षण पर्वाआधी तो मंदिराच्या ओवरीत ठेवते आहे, दुपारच्या शास्त्रसभेला येताना पेन घेऊन या.