पंचनाम्यानंतरचा माणूस

मा. जिल्हाधिकारी महोदय यांच्यामार्फत राज्य शासनास सादर

विषय : आपद्ग्रस्त कुटुंबांचे सावरणे पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करण्यासाठी शासनाच्या खर्चाने कुटुंब सहायक नेमण्याबाबत.

संदर्भ : वाडीतल्या आमच्या समितीची यापूर्वीची चार निवेदने. पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत.

महोदय,

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर कोसळला. त्याच आठवड्यात समितीच्या वाडीवरही वरच्या अंगाची माती आली. गोठ्यातली गुरे रात्री दावी ओढू लागली म्हणून माणसे जागी झाली आणि पोराबाळांना घेऊन शाळेकडे पळाली. कोणी दगावले नाही. त्यामुळे वाडीचे नाव कुठे छापून आले नाही, पाहणी दौरेही इकडे वळले नाहीत. त्याबद्दल समितीचे काहीच म्हणणे नाही. म्हणणे आहे ते त्यानंतरच्या चार पावसाळ्यांबद्दल.

हे पाचवे निवेदन आहे. आधीच्या चारही निवेदनांवर आवक शिक्का पडला, पण उत्तर एकाचेही आले नाही. दुसऱ्या निवेदनानंतर झालेल्या बैठकीत ‘महिन्याभरात फेरपंचनामा करून घेऊ’ असा शब्द देण्यात आला होता. समितीच्या वहीत तो त्याच दिवशी लिहून ठेवला आहे. नियम कार्यालयाला समितीपेक्षा अधिक ठाऊक आहेत, म्हणून ते येथे उतरवून काढलेले नाहीत. नियमांच्या मधल्या फटीत माणूस कसा अडकतो, तेवढेच सांगायचे आहे.

त्यासाठी वाडीतल्या एका काकींच्या घराची हकीगत पुरेशी आहे. काकींचे वय सत्तरीच्या पुढे. यजमान वारले, मुलगा नाही. घर जांभ्याच्या जोत्यावर उभे, भिंती मातीच्या, वर कौले. माती खाली आली ती मागच्या पडवीला धडकून थांबली आणि भिंतीपाशी कमरेइतके पाणी दोन दिवस उभे राहिले. तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. तलाठी आणि ग्रामसेवक दोघेही चिखल तुडवत आले होते, हे मुद्दाम नोंदवायला हवे. त्या दिवशी भिंत उभी होती. कागदावर ‘अंशतः नुकसान’ असे लिहिले गेले आणि त्या दिवशी ते खरेही होते.

मातीची भिंत पुष्कळदा पाण्यात पडत नाही, ती नंतर उन्हात पडते. ओल आतपर्यंत मुरलेली असते, पाणी ओसरले की पाया खचतो आणि सुकताना भिंतीला उभ्या चिरा जातात. कोकणातल्या कोणत्याही गवंड्याला हे माहीत आहे. पाऊस उघडला आणि अकराव्या दिवशी दुपारी काकींची मागची भिंत बसली. तिच्यामागोमाग वासे आले, कौले आली, माजघर उघडे पडले. काकी त्या वेळी शेजारी ताक आणायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. घर पूर्ण गेले, पण कागदावर ते आजही अंशतःच गेलेले आहे.

इथून त्यांचे हेलपाटे सुरू झाले. तलाठी म्हणाले, फेरपंचनाम्याचे आदेश तहसीलमधून हवेत. तहसीलमध्ये कळले, बांधकामाच्या साहेबांचा दाखला लागेल. दाखल्यासाठी पंचायत समितीत गेल्या, तर अर्जाला घरपट्टीचा उतारा जोडायला सांगितला. उतारा काढला तेव्हा घर अजून सासऱ्यांच्याच नावावर असल्याचे दिसले. सासरे वारून तीस वर्षे झाली. वारस पाच, त्यातले दोन मुंबईकडे, एक पुतण्या सुरतेला. सगळ्यांच्या सह्यांचे संमतीपत्र मागितले गेले. चाकरमानी गणपतीला गावी येतात तेव्हाच अशा सह्या होतात, म्हणून काकी गणपतीपर्यंत थांबल्या. सह्या घेऊन गेल्या तेव्हा तलाठ्यांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी फाईल मागितली. फाईल तहसीलकडे होती, आणि तहसीलमधले टेबलही तोवर बदलले होते.

याच काळात अंशतः नुकसानीची म्हणून जी रक्कम मंजूर झाली होती, तीही परत गेली. काकींच्या पासबुकावरची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि पासबुकावरचा शाखेचा जुना कोड बंद पडला होता. यादीत मात्र नावापुढे ‘रक्कम वितरित’ असा शेरा होता. वितरित झालेली रक्कम मिळाली नाही, हे सिद्ध करायला काकींना पुन्हा तीन ठिकाणी जावे लागले. वाडीतून तालुक्याला दिवसाला दोनच गाड्या. सकाळची गाडी चुकली तर साहेब जेवायला उठायच्या आत पोचता येत नाही.

या सगळ्यात काकींना कोणी हाकलून दिले नाही. समिती हे प्रामाणिकपणे लिहीत आहे. प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आपल्यापुढचा कागद पाहिला आणि आपल्यापुरते बरोबर उत्तर दिले. पण प्रत्येक टेबलावर काकींना ती रात्र पहिल्यापासून सांगावी लागली. गुरे कशी ओरडली, सुनेसारखी वागणारी शेजारची मुलगी त्यांना हाताला धरून कशी घेऊन गेली, भिंत कधी पडली. समितीच्या एका सदस्याने त्यांच्यासोबत जायला सुरुवात केली तेव्हा हे सांगणे चौदाव्यांदा चालले होते. त्या दिवशी काकी मध्येच थांबल्या आणि ‘आता तुम्हीच सांगा’ म्हणाल्या. समितीची वही त्या दिवसापासून सुरू झाली.

वहीत घरटी एक पान आहे. कोणता कागद कुठे दिला, कोणी काय सांगितले, पुढची तारीख कोणती. एवढ्या साध्या नोंदीने वाडीतली काही कामे मार्गी लागली. ज्या कामासाठी समितीचा एक निवृत्त सदस्य स्वतःचे एसटीभाडे खर्चून आठवड्यातून दोनदा तालुक्याला जातो, ते शासनाच्या पगारावरच्या माणसाने करावे, ही या निवेदनाची मुख्य मागणी आहे.

ही मागणी नवी नाही आणि परकीही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. सुमारे आठ हजार माणसे गेली, 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला, त्यात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे करण्यात आले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या आणि प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने ते काम झाले. घरमालकाला अनुदानाचा हप्ता कसा मिळतो, भिंतीत काय घालायचे, अभियंत्याला काय विचारायचे, हे त्या बायका घरोघरी समजावत होत्या आणि घरातली अडचण अधिकाऱ्यांपर्यंत पोचवत होत्या. म्हणजे पंचनामा आणि पक्के घर यांच्यामधला माणूस महाराष्ट्राने तीस वर्षांपूर्वी नेमून पाहिला आहे. तो पुढे कायमच्या व्यवस्थेत का आला नाही, हे समितीला समजलेले नाही.

कच्छमध्ये 2001 च्या भूकंपानंतर गावांच्या समूहांसाठी, लोक आणि प्रशासन यांना जोडणारी ‘सेतू’ केंद्रे चालली. वायनाडमध्ये 30 जुलै 2024 च्या दरडीनंतर केरळ सरकारने ‘कुडुंबश्री’ या महिला बचत गटांच्या जाळ्यातल्या बायकांकरवी एकेका कुटुंबाचा स्वतंत्र आराखडा तयार करून घेतला : कोणाला घर हवे, कोणाला औषध, कोणाचे कर्ज आहे, कोणाच्या मुलीचे शिक्षण अडले आहे. अमेरिकेत 2005 च्या कत्रिना वादळानंतर माणसे अशीच कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिली, तेव्हा पुढच्याच वर्षी कायद्यात तरतूद झाली की आपद्ग्रस्ताच्या पाठपुराव्याचा माणूस सरकारी पैशाने नेमता येईल.

आपल्याकडे काय होते? माळीण 30 जुलै 2014 रोजी डोंगराखाली गेले. नवे गाव बांधून 2017 च्या एप्रिलमध्ये लोकांच्या हवाली झाले आणि जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात तिथले रस्ते खचले. किल्ली हातात दिल्यावरही कुटुंबाला कोणाकडे तरी जावे लागते, हे त्या वेळी दिसले. तळीयेच्या लोकांना पक्क्या घराआधी कंटेनरच्या घरांत पावसाळे काढावे लागले. इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. नंतरच्या शोधात 27 मृतदेह हाती लागले आणि 57 माणसे सापडलीच नाहीत. तिथली काही मुले आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. ज्या घरात सही करायला मोठे माणूस उरलेले नाही, त्या घराचा वारस दाखला, बँक खाते, शिष्यवृत्ती यांच्या मागे कोणी लागायचे, याचे उत्तर कोणत्याही टेबलावर सापडत नाही, कारण ते एका टेबलाचे काम नाही.

आणि 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात सीना, मांजरा, सिंदफणेला पूर आला तेव्हा 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. रक्कम मोठी आहे, समिती ती नाकारत नाही. पण शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत पैसा जाताना तो विशिष्ट क्रमांकापाशी, ई-केवायसीपाशी, आधारवरच्या नावाच्या एका वेलांटीपाशी अडतो. खुरपे-कोयता धरून ज्यांच्या बोटांचे ठसे पुसले गेले आहेत, त्यांचा अंगठा यंत्र घेत नाही. तिथे कोटींचा आकडा उपयोगी पडत नाही. सोबत बसून ते काम निभावून नेणारा माणूस लागतो.

पैसा कुठून आणायचा, असे समितीला तिसऱ्या भेटीत विचारण्यात आले होते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्याच्या आपत्ती निधीतला 30 टक्के वाटा पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीसाठी वेगळा काढून ठेवला होता. त्या वाट्यातून सहायकांचे मानधन देता येईल का, याची लेखी विचारणा समितीने चौथ्या निवेदनात केली होती. ‘वरून मार्गदर्शन मागवतो’ असे तोंडी सांगण्यात आले. मार्गदर्शन मागवल्याच्या पत्राची प्रत समितीने दोनदा मागितली, ती मिळालेली नाही.

‘तलाठी आहेतच की’ असेही सांगितले जाते. तलाठ्यांकडे तीन-तीन गावे आहेत, ऑनलाइन फेरफार आहेत, पीक पाहणी आहे, निवडणूक आहे. त्यांच्यावर आणखी एक काम लादावे असे समिती म्हणणार नाही. हे काम एकट्या महसुलाचेही नाही. काकींना महसूल, पंचायत समिती, बँक, भूमी अभिलेख, वीज कंपनी आणि आरोग्य केंद्र एवढ्या सहा ठिकाणी जावे लागले. त्या सहाही ठिकाणी जाण्याचा अधिकार असलेला एक जण हवा.

समितीची मागणी अशी आहे. आपत्ती जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत साधारण चाळीस कुटुंबांमागे एक कुटुंब सहायक नेमावा. शक्यतो त्याच भागातली, शिकलेली बाई असावी, कारण घरातल्या बायका तिच्याशी मोकळेपणी बोलतात. मानधन राज्याने द्यावे आणि नेमणूक किमान दोन वर्षांची असावी, कारण घर बांधायला एक उन्हाळा पुरत नाही. कुटुंबाची एकच फाईल असावी. साहेब बदलले तरी ती फाईल आणि तो सहायक बदलू नये. सहायकाने विचारलेल्या प्रश्नाला प्रत्येक कार्यालयाने पंधरा दिवसांत लेखी उत्तर देणे बंधनकारक असावे. हा अधिकार नसेल तर सहायकही काकींसारखाच बाकावर बसून राहील. आणि मातीच्या भिंतींच्या घरांचा दुसरा पंचनामा पाणी ओसरल्यापासून तीस दिवसांनी, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, व्हावा. याच दुसऱ्या पंचनाम्याचा शब्द समितीला एकदा मिळालेला आहे.

इतर मागण्या थोडक्यात. स्थलांतराची नोटीस दर जूनला येते, तिच्यासोबत शाळेत पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय व्हावी. वाहून गेलेली शैक्षणिक कागदपत्रे विनाशुल्क मिळावीत. वरच्या डोंगराला पडलेल्या भेगांची पाहणी पावसाआधी करावी.

येत्या सोमवारी लोकशाही दिन आहे. समितीचे पाच सदस्य त्या दिवशी कार्यालयात हजर राहतील. तोंडी आश्वासन या वेळी स्वीकारता येणार नाही, हे अदबीने आधीच कळवत आहे. मागणी मान्य असल्यास तसे, अमान्य असल्यास कारणांसह तसे, लेखी मिळावे. सोबत वही आणली जाईल. तिच्यात अठरा घरांची पाने आहेत. काकींचे पान पहिले आहे, आणि भिंतीच्या जागी त्यांनी सध्या बांधलेल्या निळ्या ताडपत्रीचा फोटो त्या पानाला टाचलेला आहे. ताडपत्री गेल्या वर्षी बदलली, म्हणून फोटो दोन आहेत.

कळावे,

समितीचे सदस्य आणि वाडीतील बाधित कुटुंबे

सोबत : चार पोचपावत्या, वहीतील अठरा पानांच्या छायाप्रती.