ऊर्जासुरक्षा : कोणाची आणि कोणाच्या जिवावर?

'ऊर्जासुरक्षा' हा शब्द आज राजधान्यांतून इतक्या सहजतेने उच्चारला जातो की, सुरक्षा कोणाची, असे विचारणाराच अडाणी ठरावा. आम्ही तो अडाणीपणा पत्करतो. कोळसा व तेल सोडून जगाने सूर्याकडे आणि वाऱ्याकडे वळावे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. तापलेल्या पृथ्वीची पहिली झळ गरिबालाच लागते. आमचे भांडण आहे ते या स्थित्यंतराच्या नावाने चाललेल्या मुत्सद्देगिरीशी. विजेच्या मोटारींच्या पुष्कळशा बॅटऱ्यांना कोबाल्ट लागते, आणि जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येते.

या देशाला हा अनुभव नवा नाही. १८८५ ते १९०८ या काळात बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने काँगो खाजगी मिळकतीसारखा वापरला. सायकली आणि मोटारींच्या टायरांसाठी लागणारे रबर ठरल्या मापाने भरले नाही, तर माणसांचे हात तोडले जात. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बसाठीचे बरेचसे युरेनियम काँगोतील शिंकोलोब्वेच्या खाणीचे. आता मोटारीचा धूर थांबवायचा आहे, आणि खोदायचे पुन्हा काँगोतच!

गिऱ्हाइके मात्र बदलली. चीनने २००८ साली तांबे व कोबाल्टच्या बदल्यात ३०० कोटी डॉलरचे रस्ते व इस्पितळे देण्याचा करार केला. काँगोच्या वित्त निरीक्षकांनी २०२३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा प्रत्यक्ष खर्च झाले होते ८२ कोटींच्या आसपास. पुढे २०२४ मध्ये तो करार सुधारून घ्यावा लागला. 'चीनने सारे बळकावले' असा गळा अमेरिका आज काढते. पण तेंके फुंगुरुमेची प्रचंड खाण २०१६ साली चिनी कंपनीला २६५ कोटी डॉलरला विकली ती एका अमेरिकन कंपनीनेच. तेव्हा सुरक्षा कोणाला आठवली नाही! आता अंगोलाच्या लोबितो बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेला अमेरिका आणि युरोपीय संघ यांचे पाठबळ आहे. वसाहतकाळात कटांगाचे तांबे किनाऱ्यावर नेण्यासाठीच तो मार्ग घातला गेला होता. डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनला काँगो आणि रवांडा यांच्या शांतता करारासोबतच खनिजांचाही करार झाला. शाई वाळते न वाळते तोच, रवांडाच्या पाठबळावर लढणाऱ्या एम-२३ बंडखोरांनी उवीरा शहर घेतले. खनिजांच्या कराराचा कागद मात्र शाबूत राहिला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव कोसळल्यावर काँगोने कोबाल्टची निर्यात थांबवली. ऑक्टोबरपासून कोटा लावला. २०२६ साठी तो ९६,६०० टन, म्हणजे आधीच्या उत्पादनाच्या निम्म्याहून कमी. लगेच 'पुरवठ्याला धोका' अशी ओरड सुरू झाली. आम्ही विचारतो, ज्याचा माल त्याने भाव सांगू नये काय? गोव्याच्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. मुरगावहून दशकानुदशके लोहखनिज कच्च्या स्वरूपात जपानला आणि नंतर चीनला गेले. पोलाद तेथे झाले, आपल्या वाट्याला खड्डे आणि शेतात शिरलेला तांबडा गाळ आला. कोबाल्टचेही तेच. शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्ये होते आणि खरा पैसा त्या टप्प्यावर आहे.

कोणी म्हणेल, लोह-फॉस्फेटच्या नव्या बॅटऱ्यांना कोबाल्ट लागतच नाही, तेव्हा प्रश्न आपोआप मिटेल. मिटेल कोणाचा? गिऱ्हाइकाचा! खाणीभोवती वसलेल्या कोल्वेझीला मग कोण विचारणार? म्हणूनच भाव, कारखाने आणि शाळा यांचा सौदा आज व्हायला हवा, मागणी आहे तोवर. दक्षिण काँगोच्या खाणींत सुमारे ४०,००० मुले राबत असल्याचा युनिसेफचा २०१४ मधील अंदाज होता. त्या मुलांना या सौद्यात कोणत्या कलमात जागा आहे? पोप फ्रान्सिस यांनी ३१ जानेवारी २०२३ रोजी किन्शासात, राज्यकर्त्यांच्या समोर, आफ्रिकेवरचा हात काढा असे बजावले होते. टाळ्या पडल्या, हात तेथेच आहेत.

आणि आपला देश? तोही आता या बाजारात उतरला आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा आपल्या मोटार उद्योगाची तारांबळ उडाली. परावलंबन म्हणजे काय, ते आपल्यालाही कळले. काँगोच्या शेजारी, त्याच ताम्रपट्ट्यातील झांबियात, तांबे आणि कोबाल्ट शोधण्यासाठी भारताला ९,००० चौरस किलोमीटर क्षेत्र देण्याचे त्याच वर्षी ठरले. तेथे खनिज सापडल्यास शुद्धीकरण झांबियात होणार की जहाज भरून ते इकडे येणार? जमीन सोडणाऱ्या गावांना हिस्सा किती? आमच्या खासदारांनी हे दोन प्रश्न संसदेत विचारावेत, आणि तेही खोदकाम सुरू होण्याआधी.