राखीचा धागा आणि ऋणाचा हिशेब

श्रावणी पौर्णिमा जवळ आली की होळकरांच्या या नगरीत बाजाराचा रंग पालटतो. राजवाड्याच्या आसपास राख्यांच्या माळा लोंबू लागतात आणि आपल्या मराठी घरांतून नारळ खवण्याचा आवाज येऊ लागतो. सणाच्या या गोड गडबडीत आम्हांस दरवर्षी एका राखीची आठवण होते. ती बांधली गेली याच इंदुरात, परंतु कोणाच्या घरी नव्हे, तर तुरुंगात. आणि जिने ती बांधली, तिच्या सख्ख्या बहिणीचा प्राण त्याच हाताने घेतला होता.

हकीकत अनेकांस ठाऊक असेल. तरी नव्या पिढीसाठी ती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. केरळातील पुल्लुवळी गावी 1954 साली जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया या क्लॅरिस्ट संघातील संन्यासिनी 1992 साली देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे आल्या. भूमिहीन मजूर आणि आदिवासी कुटुंबे सावकारी कर्जाच्या विळख्यातून सुटावीत, त्यांनी आपापसांत बचत करावी, सरकारी योजनांचा लाभ मागून घ्यावा, यासाठी त्या खेडोपाडी हिंडत. ज्यांची सत्ता दुसऱ्याच्या कर्जावर उभी असते त्यांस असे काम कसे रुचावे? 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, इतर उतारूंच्या डोळ्यांदेखत, एका भाडोत्री तरुणाने सुऱ्याचे अनेक वार करून त्यांची हत्या केली. त्याला जन्मठेप झाली.

येथे गोष्ट संपावयास हरकत नव्हती. परंतु त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल, ज्या त्याच संघात होत्या, 2002 साली रक्षाबंधनाच्या सुमारास तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्या कैद्याच्या मनगटाला राखी बांधली. पुढे 2006 साली त्याची सुटका झाली. त्या सुटकेसाठी मृत भगिनीच्या कुटुंबीयांनीच शब्द टाकला होता. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा त्यांनी त्याला दाराबाहेर उभे केले नाही, घरात घेतले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच झालेल्या समारंभात चर्चने सिस्टर राणी मारियांना ‘धन्य’ ही पदवी दिली.

या प्रसंगाकडे पाहून कोणी म्हणेल, ही संतांची गोष्ट, आम्हां संसारी माणसांस तिचा काय उपयोग? आमच्या मते तिचा खरा उपयोग संसारी माणसांसच आहे. मात्र त्यासाठी ख्रिस्ती धर्मात क्षमेचा अर्थ काय केला आहे, हे पाहिले पाहिजे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिकविलेली जी प्रार्थना आहे तीत अपराधासाठी शब्द येतो तो ‘ऋण’ हा. क्षमा म्हणजे ऋण सोडणे. शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा केली तर पुरे ना? उत्तर मिळते, साताच्या सत्तर पट. आणि लगेच एक दाखला येतो. राजाचा एक सेवक दहा हजार तालांतांचे देणे लागत होता. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. म्हणजे हे देणे झाले सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके. ते सात पिढ्यांत फिटणारे नव्हे. राजाने ते सोडून दिले. तोच सेवक बाहेर पडतो आणि अवघ्या शंभर दिवसांच्या मजुरीसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो! सावकारी कर्जातून माणसे सोडविताना जिने प्राण दिला, तिच्या बहिणीने सर्वांत मोठे ऋण सोडून दिले, यातील संगती आम्हांस केवळ योगायोगाची वाटत नाही.

परंतु ऋण सोडणे म्हणजे ऋण नव्हतेच असे म्हणणे नव्हे. वहीत आकडा लिहिलेलाच नसेल तर खोडावयाचे काय? सिस्टर सेल्मी यांनी खून झालाच नाही असे म्हटले नाही. न्यायालयानेही आपले काम केले आणि अपराध्याने वर्षानुवर्षे शिक्षा भोगली. क्षमा ही न्यायाची जागा घेत नाही. न्याय झाल्यावरही मनात जे जळत राहते, ते ती विझविते. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. क्षमा ही ज्याचे ऋण आहे त्यानेच सोडावयाची असते. ऋणकोने किंवा तिऱ्हाईताने ती वसूल करावयाची नसते. घरात सुनेवर अन्याय व्हावा आणि वर तिलाच ‘मोठ्या मनाने विसरून जा’ असा उपदेश मिळावा, हा प्रकार आपल्या समाजात थोडा नाही. त्याला क्षमा म्हणणे ही क्षमेची विटंबना होय.

आता आनंदाविषयी. लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात हरवले-सापडल्याच्या तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींचा शेवट आनंदात होतो. त्यांतील मधली आमच्या विशेष आवडीची. एका बाईच्या दहा नाण्यांपैकी एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, कोनाकोपरा धुंडाळते आणि नाणे सापडताच शेजारणींना हाक मारून बोलावते. केवढा हा प्रापंचिक देखावा! दिवा, केरसुणी आणि शेजारणी, यांपलीकडे त्यात काही नाही. आणि स्वर्गातील आनंदाला उपमा दिली आहे ती याची. तिसऱ्या गोष्टीतील उधळ्या मुलगा घरी परततो तेव्हा बाप मेजवानी घालतो. थोरला भाऊ मात्र रुसून अंगणातच उभा राहतो. त्याची तक्रार खोटी नाही, हिशेबही चुकलेला नाही. चुकले ते एवढेच, की घरात गाणे चालू असता तो बाहेर राहिला. क्षमा न करणाऱ्याला दुसरी शिक्षा लागत नाही. आनंदाच्या पंक्तीला मुकणे हीच त्याची शिक्षा.

हा विचार मराठी मनाला परका नाही. अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता गोदावरीत पुनःपुन्हा स्नान करणाऱ्या नाथांची आख्यायिका आपण लहानपणीच ऐकली. आपले जैन शेजारी पर्युषणाच्या शेवटी परस्परांची क्षमा मागतात, हे या शहरात आपण वर्षानुवर्षे पाहतो. आणि ख्रिस्ती क्षमेची मराठी वाणी ऐकावयाची तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढावीत. 1895 साली रेव्हरंड टिळकांनी धर्मांतर केले तेव्हा त्या बाईवर आकाश कोसळले. काही वर्षे वियोगाची गेली. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि 1900 साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. ज्या पतीने इतके सोसावयास लावले त्याच्याविषयी लिहिताना त्या काही लपवीत नाहीत. आणि तरी पानोपानी हसतात व हसवितात. ऋण सोडलेल्या माणसाच्याच तोंडी असे हसू येऊ शकते.

आमच्या जुन्या मराठी घरांकडे पाहावे तर काय दिसते? वाड्याच्या वाटणीवरून दोन भावांचे बोलणे बंद. कोणा मावशीला मुंजीचे आमंत्रण राहिले म्हणून वीस वर्षे येणे-जाणे नाही. देवघरातील टाक कोणाकडे जावेत यावरून तंटा. वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली, भांडणारे थकले, पण वही तशीच. ही सारी शंभर दिवसांच्या मजुरीची कर्जे! ज्या शहरात बहिणीच्या खुनाचे ऋण एका धाग्याने सोडविले गेले, त्या शहरातील माणसांस एवढे जड का व्हावे?

यंदाच्या पौर्णिमेला नारळीभात शिजेल तेव्हा एक डबा अधिक भरावा. तो कोणाकडे न्यावयाचा, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.