मैदानालाही वाफसा हवा

शेतकऱ्याच्या बोलीत 'वाफसा' हा एक फार मोलाचा शब्द आहे. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलाचीही नाही आणि कोरडीही नाही, अशा बेताच्या ओलीवर येते, तेव्हा तिला वाफसा आला असे म्हणतात. वाफसा आल्यावाचून शेतात औत घालू नये, ही गोष्ट आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील कोणत्याही शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. ओल्या काळ्या जमिनीत बैल घातले तर ती तुडवली जाते, तिची ढेकळे होतात आणि पुढचा सारा हंगाम बिघडतो, हे तो बापापासून शिकलेला असतो. परंतु हाच विचार गावातल्या मैदानाविषयी मात्र कोणी करताना दिसत नाही. मैदान म्हणजे सरकारी मोकळी जागा. तिच्यावर केव्हाही आणि कितीही जणांनी धावावे, तिचे काय बिघडणार आहे, अशी आपणा सर्वांचीच समजूत आहे. ह्या महिन्यात त्या समजुतीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे, आणि उदाहरणासाठी निवडला आहे तो एक परदेशी खेळ.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-मुली आज अमेरिकेत आहेत. नातवंडांना पाहावयास गेलेल्या आजी-आजोबांनी तेथील सार्वजनिक उद्यानात फिरताना एक चमत्कारिक वस्तू पाहिली असेल. झाडांच्या मध्येच एक लोखंडी खांब उभा असतो. त्याच्या माथ्यावरून साखळ्या लोंबत असतात आणि त्यांच्या खाली एक जाळीची टोपली असते. काही तरुण मंडळी लांबून प्लॅस्टिकच्या चकत्या फेकीत येतात. चकती साखळ्यांवर आदळून खळकन टोपलीत पडते आणि मंडळी पुढच्या टोपलीकडे निघतात. ह्या खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात घालावयाचा, येथे चकती टोपलीत. एका ठरलेल्या ओट्यावरून पहिली फेक करावयाची, चकती जेथे पडेल तेथून दुसरी, आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठावयाची. असे बहुधा नऊ किंवा अठरा पल्ले मिळून एक मैदान होते.

ह्या खेळाला आजचे रूप दिले ते एड हेड्रिक ह्या गृहस्थांनी. उडत्या चकत्या बनविणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत ते काम करीत असत. कॅलिफोर्नियात पॅसडीना शहराजवळ ओक ग्रोव्ह नावाचे उद्यान आहे, तेथे १९७५ साली त्यांनी पहिले कायमचे मैदान आखले. आरंभी तेथे निशाणीसाठी नुसते खांबच होते. साखळ्यांच्या टोपलीची युक्ती त्यांना मागाहून सुचली. १९७६ साली खेळाडूंची संघटनाही त्यांनीच स्थापन केली. पुढे अमेरिकेबाहेर फिनलंड आणि एस्टोनियासारख्या देशांत हा खेळ विशेष रुजला.

त्याच्या प्रसाराचे कारण उघड आहे. नेहमीच्या गोल्फला पन्नास-साठ हेक्टर जमीन, हिरवळ, अखंड पाणी आणि श्रीमंत सभासद लागतात. डिस्क गोल्फला ह्यांपैकी काहीच लागत नाही. असलेली झाडे तोडावी लागत नाहीत. उलट झाडे हाच खेळातला अडथळा आणि तीच त्यातली गंमत. नगरपालिकेने टोपल्या पुरल्या, ओटे बांधले की काम झाले, असे वाटते. येथेच फसगत होते.

अमेरिकेतील टेक्सस राज्यात ऑस्टिन नावाचे शहर आहे. तेथे शोल क्रीक ह्या ओढ्याच्या काठी पीझ पार्क हे जुने उद्यान आहे. त्या उद्यानातले डिस्क गोल्फचे मैदान सुमारे वीस वर्षे अत्यंत लोकप्रिय होते. शहराच्या मध्यवर्ती भागात, सावलीत, विनामूल्य. मग गर्दीला काय तोटा! परंतु त्या लोकप्रियतेनेच त्याचा घात केला. गवत नाहीसे झाले, माती घट्ट झाली, उताराची माती पावसाबरोबर ओढ्यात वाहून जाऊ लागली आणि मोठमोठ्या वृक्षांची मुळे उघडी पडली. अखेर २०११ साली नगरपालिकेने ते मैदान बंद केले आणि खेळाडूंसाठी शहराच्या दुसऱ्या भागात निराळी सोय केली. ह्यात दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. सर्वांचे त्या जागेवर प्रेमच होते. परंतु जमिनीचीही काही सोसण्याची सीमा असते, तिचा हिशेब वेळीच कोणी ठेवला नाही.

हे नेमके कसे घडते, ते समजून घेतले पाहिजे. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतूनच हवा आणि पाणी मुळांपर्यंत पोहोचते. एकाच वाटेने हजारो पावले पडली, विशेषतः ओल्या जमिनीवर पडली, की ह्या पोकळ्या दबतात. मग पाऊस जमिनीत मुरत नाही, वरून धावतो आणि धावताना वरची सकस माती घेऊन जातो. झाड लगेच मरत नाही. ते दोन-चार वर्षे रोडावत जाते, शेंड्याकडून वाळू लागते, आणि कारण विचारले तर कोणालाच सांगता येत नाही. दुसरा घाव सालीवर. चांगल्या खेळाडूच्या हातून सुटलेली पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपासची चकती मोटारीच्या वेगाने झाडाच्या बुंध्यावर आदळते. झाडाची वाढ करणारा जिवंत थर सालीच्या लगेच आत असतो. जुन्या जाड सालीच्या वृक्षाला त्याचे फारसे वाटत नाही, परंतु कोवळ्या झाडाची साल त्याच त्या जागी दररोज ठेचली गेली तर ते खचते.

आमच्या भागात संत्र्याच्या बागा आहेत; त्या बागाईतदारांना हे सांगण्याची गरज नाही. संत्र्याची अन्न शोषणारी बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फूट थरातच असतात, म्हणून बागेत खोल नांगरट करीत नाहीत. खोडाला पाणी लागून राहिले किंवा साल दुखावली, की डिंक्या रोग शिरतो. म्हणूनच खोडाभोवती दुहेरी आळे करतात, पाणी बाहेरच्या आळ्यात सोडतात आणि बुंध्याला मोरचूद व चुन्याचे बोर्डो मलम लावतात. जो मनुष्य आपल्या बागेतल्या एकेका खोडाची अशी काळजी घेतो, तोच सार्वजनिक उद्यानातल्या कडुनिंबाला फलकासाठी खिळे ठोकलेले पाहून न थांबता पुढे जातो, ह्याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

अनुभवाने शहाण्या झालेल्या ठिकाणी आता डिस्क गोल्फचे मैदान कसे राखतात, ते पाहण्यासारखे आहे. तेथे एका टोपलीसाठी जमिनीत दोन-तीन ठिकाणी नळ्या पुरून ठेवतात. काही आठवडे टोपली एका जागी, मग ती उचलून दुसऱ्या जागी. तोवर पहिली जागा विसावा घेते. आपल्याकडे पिकांची फेरपालट करतात, तोच हा न्याय. खेळाडूंच्या ये-जा करण्याच्या वाटेवर लाकडाचे बारीक तुकडे पसरतात, म्हणजे पावलांचा भार थेट मातीवर पडत नाही. उतारावर ओंडके आडवे टाकून पाणी अडवितात. ओट्यासमोरच एखादे कोवळे झाड असेल तर त्याच्यापुढे दोन-तीन खांब रोवून घाव त्यांच्यावर घेतात. आणि एखादा पल्ला पायवाटेवरून जात असेल तर तो सरळ बदलून टाकतात. कारण फिरावयास आलेल्या म्हाताऱ्या माणसाने डोक्यावरून चकती जाईल ह्या धास्तीने चालावे, हे सार्वजनिक उद्यानात शोभत नाही. ह्यांतले पुष्कळसे काम नगरपालिकेचे नोकर करीत नाहीत; सुटीच्या दिवशी खेळाडूच फावडी घेऊन येतात.

असे मैदान आमच्या पांढुर्ण्यात वा सौंसरात नाही, आणि ते व्हावे असा आमचा आग्रहही नाही. परंतु हा धडा आमच्या खो-खोला आणि कबड्डीला जसाच्या तसा लागू पडतो. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांच्या खांबांपाशी पळणारा आणि पाठलाग करणारा दोघेही गर्रकन वळतात, त्यामुळे खांबाभोवती पाहता पाहता खड्डा पडतो आणि पावसाळ्यात त्याचे डबके होते. मग मुलांचे घोटे मुरगळतात, आणि आपण मुलांना सांभाळून खेळण्याचा उपदेश करतो! पूर्वीचे तालीममास्तर संध्याकाळी खेळ संपल्यावर मुलांकडूनच तो खड्डा भरून घेत, पाणी शिंपडून चोपणी करवीत आणि मगच घरी सोडीत. आमच्या शाळेत आम्ही हा प्रघात चालू ठेवला आहे. शिवाय दर वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर मैदानाची आखणी काही हात सरकवितो. चुन्याच्या चार रेघा हलविण्यास खर्च तो किती?

मातीची निवडही पाहून करावी लागते. मुंबईचे शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुले झाले आणि १९२७ साली त्याला छत्रपतींचे नाव मिळाले. क्रिकेटपासून मल्लखांबापर्यंत किती पिढ्या तेथे घडल्या, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्याच मैदानावर पसरलेल्या तांबड्या मातीची धूळ वाऱ्याने आसपासच्या घरांत शिरते, म्हणून तेथील रहिवाशांनी अलीकडच्या वर्षांत वारंवार तक्रारी केल्या. म्हणजे पावसाळ्यात सोयीची वाटणारी माती उन्हाळ्यात शेजाऱ्यांना जाच ठरू शकते. आमच्याकडची काळी माती तर दोन्ही ऋतूंत हट्टी: आषाढात बुटाला किलोभर चिकटते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर खेळाचे वेळापत्रक पंचांग पाहूनच आखले पाहिजे.

ह्यावर कोणी म्हणेल, पावसाळ्यात मैदानाला विसावा द्यावयाचा, तर मुलांनी खेळावे कोठे? आधीच त्यांना जागा कमी, त्यात तुमचा हा वाफसा! आक्षेप खरा आहे. म्हणूनच सबंध मैदान बंद करू नये, त्याचे भाग पाडावेत. उंचवट्याचा, लवकर वाळणारा भाग पावसाळ्यात खेळाला द्यावा. सखल भागावर गवत वाढू द्यावे आणि तो हिवाळ्यात वापरावा. वाटेवर घालण्यास लाकडाचे तुकडे विकत आणण्याचे कारण नाही. आमच्या शिवारात तुराट्या, पऱ्हाट्या आणि पालापाचोळा मुबलक आहे. बारीक करून आठ-दहा बोटे जाडीचे आच्छादन घातले तरी काम होते. फक्त ते झाडाच्या खोडापासून वीत-दीड वीत दूर ठेवावे, नाही तर वाळवी लागते.

ही सारी चर्चा आम्ही आजच का मांडीत आहोत, हेही सांगतो. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर तहसील त्यातच आली. जिल्हा झाला ही आनंदाची गोष्ट. परंतु जिल्हा झाला की कचेऱ्या आल्या, वसाहती आल्या, रस्ते रुंद झाले; आणि कोणत्याही गावात जागेचा शोध सुरू झाला की पहिली नजर पडते ती मोकळ्या मैदानावर. जे मैदान उखडलेले, डबक्यांचे आणि काटेरी झुडपांचे आहे, ते 'पडीक' म्हणून सहज दुसऱ्या कामाला जाते. जेथे रोज संध्याकाळी मुले-मुली खेळतात, जेथील झाडांना आळी केलेली आहेत, त्या जागेवर हात टाकताना अधिकारीही दहादा विचार करतो. मैदान राखणे हेच मैदान वाचविणे आहे. ह्यात मुलींचा विचार विशेष केला पाहिजे. मुलगे रस्त्यावर किंवा नदीच्या पात्रातही खेळून घेतात. मुलींना मात्र उजेडाची, दहा माणसांच्या नजरेतली, सपाट जागा लागते. ती गेली की त्यांचा खेळच संपतो.

आणखी एक गोष्ट. खेळाचे नियम वरून लादून भागत नाही, हे आमच्या गावाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव ह्यांच्यात जी गोटमार होते, तीत दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयोग प्रशासनाने करून पाहिला. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि दगड उचलले. जी गोष्ट खेळणाऱ्यांनी स्वतः ठरविलेली नाही, ती टिकत नाही. मैदानाची निगाही तशीच आहे. उद्घाटनाची कोनशिला बसविणारे हात निराळे आणि खड्डा बुजविणारे निराळे असतील, तर वर्षाच्या आत केवळ कोनशिलाच शिल्लक राहते.

इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी आपल्या समाजाची जुनी मंडळे आहेत. त्यांपैकी काहींच्या मालकीची छोटी का होईना, मैदाने आहेत. त्यांच्या कार्यकारिणीला आमची विनंती एवढीच, की पुढच्या अंदाजपत्रकात नव्या फाटकाची किंवा नव्या फलकाची रक्कम घालण्यापूर्वी एकदा भर पावसात छत्री घेऊन आपल्या मैदानावर जावे. पाणी कोठून येते, कोठे साचते, कोणत्या झाडाची मुळे उघडी पडली आहेत, ते कागदावर टिपून घ्यावे. फावडी, घमेली, पाण्याची झारी आणि एक रूळ एवढे साहित्य मंडळाच्या खोलीत असावे, आणि खोलीची किल्ली खेळणाऱ्या मुला-मुलींपैकीच कोणाकडे तरी असावी. तरुण पिढी मंडळात फिरकत नाही अशी तक्रार आपण करतो. तिच्या हाती ही किल्ली देऊन पाहावी, एवढेच आमचे सांगणे आहे.