कोऱ्या कागदावरील सही

साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचे नाव निघाले की आमच्या महाजन मंडळींत ‘वेडा’ या एका शब्दात निकाल लागतो. मिशांना मेण लावून त्या गालांवर उभ्या करणारा, १९३६ साली लंडनच्या अतिवास्तववादी प्रदर्शनात पाणबुड्याचा पोशाख चढवून व्याख्यानास उभा राहिलेला आणि त्यात गुदमरता गुदमरता वाचलेला हा गृहस्थ. त्याची चित्रे ती काय असावयाची!

हा निकाल आम्हांस मान्य नाही. ज्यांच्या देव्हाऱ्यात गजमुख दैवत बसते आणि ज्यांचा नरसिंह खांबातून प्रकटतो, त्यांनी वितळत्या घड्याळांस हसावे हे नवलच. आमच्या मूर्तींना शास्त्र आहे, त्याची केवळ लहर, असे कोणी म्हणेल. परंतु १९३१ सालचे ते घड्याळांचे चित्र अवघे २४ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद आहे. शाळेच्या पाटीहून फार मोठे नव्हे. एवढ्या जागेत आपल्या घराजवळच्या समुद्रकाठचे कडे त्याने जुन्या उस्तादांच्या बारकाईने उतरविले. लहरीने असा हात चालत नाही. १९६७ साली एअर इंडियासाठी त्याने रक्षापात्रे घडविली, त्यांतला हंस उलटा पाहिला की हत्ती दिसे. मोबदला म्हणून त्याने हत्तीच मागितला, आणि बंगलोरहून एक पिल्लू खरोखरच स्पेनला पोहोचले! (या व्यवहारात शहाणा कोण, हे वाचकांनीच ठरवावे.)

आमचा आक्षेप निराळा आहे. १९७४ साली अंडोराच्या सीमेवर फ्रेंच अधिकाऱ्यांनी एक गाडी अडविली. तीत ४०,००० कागद होते. प्रत्येकावर दालीची सही आणि बाकी सारे कोरे. त्यावर पुढे कोणीही काहीही छापावे! गाभारा रिकामा ठेवून दाराशी प्रसाद विकण्यातलाच हा प्रकार. १९२६ साली माद्रिदच्या कलाशाळेत ‘माझी परीक्षा घेण्याची या परीक्षकांची पात्रता नाही’ असे सांगून शाळेबाहेर गेलेला हाच तो मानी पुरुष. त्याच्या भोवतीच्यांनी हे करविले, असा बचाव केला जातो. असेल, पण लेखणी त्यांच्या हाती नव्हती. आज त्याच्या उत्तरायुष्यातील छापील चित्रे घेताना जाणकारही बिचकतात, आणि त्या संशयात त्याची खरी कामेही सापडतात.

गोमंतकातील देवळांच्या भिंतींवर चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो खरवडीत कावी काढणारा कारागीर बहुधा नावही मागे ठेवीत नसे. त्याने काम ठेवले, सही ठेवली नाही. दालीने नेमके उलटे केले, आणि आमच्याकडील त्याचे चाहते त्यासही ‘लीला’ म्हणू लागले आहेत. हा शब्द आमच्या देवळातला आहे. तो त्यांनी परत करावा.